राक्षसाची जाड मिशी

मंगळवार, संध्याकाळ. आर्वी.

आज हसावं की रडावं, कळेना. लहानपणी मासिकात ज्यांचे राक्षस बघून मी चित्रं काढायला लागलो, त्या चित्रकारांच्या आठवणीत एक अंक निघतोय. त्यासाठी महिनाभर त्यांच्यासारखी रेघ गिरवतोय. जाड, काठाला फुटलेली. विशेषतः राक्षसाची मिशी. आणि आज त्यांच्या मुलीने मूळ चित्राचा फोटो पाठवला. मिशीचा केस न् केस वेगळा! म्हणजे मी जिला त्यांची शैली समजत होतो, ती स्वस्त कागदावर पसरलेली छापखान्याची शाई होती.

लाज वाटली. बारीक निबने राक्षस नव्याने काढला आणि आईला दाखवला. तिने चष्मा पुसून चित्र नीट पाहिलं.

"हा तो नाई बापा. त्याची मिशी पाहून तू माह्या मागं लपत जाय. याले कोन भेईल?"

खरंच. लपायचो, आणि मग हळूच येऊन त्याच मिशीवर बोट फिरवायचो. बोट काळं व्हायचं.

निब धुऊन ठेवली. पुन्हा जाड कुंचला काढला. माफ करा, सर. मला तुम्ही भेटलात ते त्या पसरलेल्या शाईतच.