डाव्या पायातले दोन मोजे

प्रिय इला,

तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. जोडाक्षर आलं की तू अजूनही ओठ हलवतेस. तरी हे मराठीतच लिहितोय, आणि फोन करायचा सोडून कागदावर लिहितोय, कारण फोनवर मी दोन मिनिटांत हवापाण्यावर येतो आणि मग तुझी आई फोन काढून घेते. सावकाश वाच. एका बैठकीत नाही झालं तरी चालेल, पण आजच शेवटपर्यंत वाच.

इथे कॅरीत पाइनचे पराग पडायला लागलेत. गाडी रोज सकाळी हळद लागल्यासारखी पिवळी असते. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे तक्रार करण्याइतपत बरा आहे. आणि काल दुपारी मी टीव्हीवर बेसबॉल लावून तुझ्या यादिएल सालगादोला बघितलं. तुझा म्हणू नये आता, दुसऱ्याच क्लबच्या टोपीत होता. सरावाचीच मॅच, पण चार इनिंग टाकल्या त्याने, आणि तिसऱ्या इनिंगमध्ये कोपऱ्यातला वेगाचा आकडा पंच्याण्णव मैल झाला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. समालोचक म्हणत होते, हा कुठे लपला होता? मी टीव्हीलाच सांगितलं, लपला नव्हता बाबांनो, माझ्या मुलीला दिसला होता.

मग खाली बसलो आणि परवाचा तुझा फोन आठवला. फोन स्पीकरवर होता, मी भांडी पुसत होतो. तुमच्या क्लबच्या तोंडाशी आलेला घास गेला याचं तुला वाईट वाटत होतंच, पण शिवचं सांगताना तुझा आवाज फुटला. सहा वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, तुझ्यासाठी व्हिडिओ कापून देणारा मुलगा. यादिएलची बातमी दुसऱ्या क्लबकडे फुटल्याच्या संशयावरून त्याला घरी बसवलंय, आणि सोमवारी त्याचा निकाल लागणार. तूही म्हणालीस, शिवनेच सांगितलं असणार, दुसरं कोण? मी तेव्हा एकच ताट पुसत राहिलो.

ते असो. मला डिसेंबरातल्या त्या दोन दिवसांबद्दल लिहायचंय. मायामीहून परत जाताना तू इथे थांबलीस आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडलास. किती वर्षांनी तू मला तुझं काम दाखवत होतीस! क्यूबात नऊ सीझन खेळलेला, तिथून निघून कागदपत्रांसाठी वर्षभर मेक्सिकोत अडकलेला, एकोणतीस वर्षांचा पिचर. एके काळी शहाण्णवने टाकायचा, आता एक्क्याण्णव. अकरा क्लबांचे स्काउट मैदानावर आले होते. वेग मोजायच्या यंत्रावरचा आकडा बघून निम्मे जेवणाआधीच निघून गेले. हात संपला म्हणाले.

तू थांबलीस. सगळे गेल्यावर तो बाकावर बसून बूट काढत होता, आणि तुला दिसलं की उजव्या पायात एक मोजा आहे आणि डाव्या पायात दोन. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलंस तेव्हा तो लाजून हसला. एका बॅगेनिशी निघालेला माणूस, बूट मित्राचे, दीड नंबर मोठे. उजव्या हाताने फेकणाऱ्याचं सगळं वजन डाव्या पायावर येऊन पडतं. तोच पाय बुटात सरकतो, म्हणून मोजा भरला, आणि तरी सरकतो म्हणून नकळत पाऊल आखूड टाकायला लागला. हात धडधाकट होता. पाच मैल गेले होते ते पायात.

तू मला काही न सांगता व्हिडिओ लावलास आणि म्हणालीस, बाबा, यंत्रासारखं बघ. दुसऱ्यांदा बघताना मला तो पाय दिसला. इला, त्या क्षणी मला काय वाटलं ते मी तुला सांगितलं नाही. तू आठ वर्षांची असताना आपलं वॉशिंग मशीन गॅरेजभर नाचायचं. मी ड्रम उघडून बसलो होतो, आणि तू टॉर्च घेऊन पोटावर पालथी झालीस आणि ओरडलीस की याचा एक पाय जमिनीला लागतच नाहीये. पुठ्ठ्याची घडी सरकवलीस, मशीन गप्प. सांगलीला पंपाच्या कारखान्यात आमचे फोरमन सांगायचे की यंत्र थरथरायला लागलं तर फिरतं ते नंतर बघा, टेकलंय ते आधी बघा. पुढे इथे येऊन तीस वर्षं मी तेच केलं. मला वाटायचं हे ज्ञान माझ्याबरोबर रिटायर झालं. तर ते मायामीच्या मैदानात उभं होतं, डोक्यावर टोपी घालून.

तुझा रिपोर्ट तू मला वाचून दाखवलास, अडखळत मराठी करून. तो मला जवळजवळ पाठ आहे. फास्टबॉल बूट बदलताच परत येईल. ऐन वेळी वळणारा स्लायडर आजच मोठ्या लीगच्या तोडीचा. तिसरा, हळू पडणारा चेंडू कच्चा, म्हणून तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की मार खाईल, त्याआधी त्याला काढा. दोन वर्षं चांगली, तिसरं बहुतेक, चौथ्याचं वचन कुणाला देऊ नका. आणि शेवटची ओळ, की याला हीरो म्हणून आणू नका, कामाचा माणूस म्हणून आणा. मी विचारलं, तुला एवढा आवडलाय तर चौथ्या वर्षाचं का काढतेस? तू म्हणालीस, आवडलाय म्हणूनच. मी हजारो पंप तपासले, पण आवडत्या पंपाचा दोष लिहिताना माझाही हात अडखळायचा. तुझा अडखळला नाही. आणि काल बघ, तिसऱ्या फेरीच्या पहिल्याच बॅटरने त्याला भिंतीपार टोलवलं. मला वाईट वाटायला हवं होतं, मी टाळी वाजवली. शब्दन् शब्द तुझा खरा ठरला.

आता जरा मागचं. नऊ वर्षांपूर्वी औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडून तू बेसबॉलमध्ये गेलीस, तेव्हा मी जे बोललो ते तू विसरली नसशील. क्रिकेट असतं तर एक वेळ समजलो असतो, असंही म्हणालो होतो, जणू क्रिकेटसाठी मी पेढे वाटले असते. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. मराठी मंडळात कुणी विचारलं की मी सांगायचो, इला डेटामध्ये आहे. पुढे कुणी विचारत नसे, आजकाल सगळ्यांचीच मुलं डेटामध्ये असतात. प्रतापकाका दर गणपतीला आपल्या डॉक्टर मुलाचं, कुशचं पुराण लावायचा, आज काय तर खांद्याचं ऑपरेशन, उद्या काय तर अमुक क्लबने सल्लागार डॉक्टर नेमला. मी मान डोलवायचो आणि मोदक खायचो. मुलगी उन्हातान्हात मैदानं पालथी घालते, पुरुषांच्या घोळक्यात एकटी उभी राहून आपलं मत मांडते, आणि बाप ते लपवतो. लाज वाटत होती मला, इला. तुझी. आता लिहिताना माझीच वाटते.

डिसेंबरात तू गेलीस आणि ती लाज कुठे गेली कळलं नाही. निघताना गाडीत बसून काच खाली करून तू सांगितलंस, बाबा, हे घराबाहेर जाऊ देऊ नको, आमच्याकडेही बॉस, शिव आणि मी एवढ्यांनाच माहीत आहे. मी म्हटलं, वेडी की काय, मी कुणाला सांगणार? तीन आठवडे पाळलंही. मग आली संक्रांत. शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाचं हळदीकुंकू, आम्ही पुरुष गुळाच्या पोळीच्या रांगेत. प्रतापने नेहमीसारखं विचारलं, काय नरेंद्र, इला अजून डेटामध्येच का? रांगेत पुढे-मागे पाच-सहाजण होते. आणि मी बोललो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. अकरा क्लबांचे स्काउट, निम्मे उठून गेले, माझी मुलगी थांबली, एका पायात एक मोजा, दुसऱ्यात दोन. नाव घेतलं, बुटांचा नंबरही सांगितला. पोळीवरचं तूप थिजलं तरी मी थांबेना. प्रतापने माझी पाठ थोपटली, म्हणाला, यार, वाघीण आहे तुझी पोरगी. नऊ वर्षांत मंडळात माझी मान एवढी ताठ कधी नव्हती.

आता पत्र का लिहिलं ते. जानेवारी संपताना दुसऱ्या क्लबची माणसं यादिएलच्या मापाचे बूट घेऊनच गेली, हे तू परवा आईला सांगितलंस तेव्हा मला उमगलं. त्या क्लबचा खांद्याचा डॉक्टर कुश आहे. मी काल प्रतापला फोन केला. त्याला काहीच कल्पना नव्हती. उलट कौतुकाने म्हणाला, मी त्याच संध्याकाळी कुशला सगळं सांगितलं, तोही म्हणाला की इला ग्रेट आहे. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, माझ्याही नव्हतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तुझी आई म्हणते, ते संक्रांतीलाच खरं व्हायचं होतं. शिवने काही केलेलं नाही. मी केलंय. नऊ वर्षं तुझ्याबद्दल तोंड मिटून बसलो ते लाजेने, आणि उघडलं ते नेमकं तू गप्प राहायला सांगितलंस तेव्हा. सोबत इंग्रजीत एक पानी पत्र आहे, तुझ्या बॉसच्या नावाने, दिवस, जागा आणि माझ्या सहीसकट. पाकीट चिकटवलेलं नाही, कारण त्यात तुझंही नाव येतं. बापाजवळ बोललीस एवढाच तुझा दोष, पण तुमच्याकडे तोही दोष धरतील आणि कदाचित तुझ्या नोकरीवर येईल, हे मला कळतं. तरी तू ते देशील हे मला माहीत आहे. आवडत्या माणसाचाही दोष लिहिताना तुझा हात अडखळत नाही, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. कुरियरने हे उद्याच पोचेल, सोमवारच्या आत दे. पण त्याआधी शिवला फोन कर. माझ्यावर सावकाश रागव, मी घरीच आहे.

तुझाच,
न विचारता तुझं कौतुक सांगत सुटलेला,
बाबा