सगळं मीच करते

वॉन, १४ जानेवारी २०१०

प्रीतीस,

जयभीम. आम्ही दोघं आहोत तसे आहोत. विनिपेगची थंडी आमच्या दुप्पट, असं आयुष सांगतो. ऊर्मीची टोपी कानाखाली ओढत जा. तिचे कान आजोबांसारखे बाहेर आलेत, तेच आधी गारठतात. परवा आयुषने तिला कॉम्प्युटरवर दाखवली तर मला म्हणते, "आजी, इज युवर हँड स्लीपिंग?" म्हटलं, हो बाई, तीन वर्षं झोपलाय.

पत्र बघून तुला वाटेल, ही आज कुठून उगवली. फोन केला की आयुष उचलतो आणि म्हणतो, "आई, प्रीती बिझी आहे, काही मेसेज?" मी काय बँक आहे मेसेज ठेवायला? म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, तुला ठाऊक आहे, ऱ्हस्वदीर्घ बघू नकोस. पंधरा मिनिटांत हात बधिर होतो, म्हणजे हे पत्र तीन-चार दिवस चालणार.

आधी कामाचं. माझी डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा नकार आला तेव्हा परत बघा म्हणून कळवलं, त्यावरही नकारच आला. आता अपील केलंय. १६ मार्चला, मंगळवारी, ट्रिब्युनल आहे. कोर्टासारखंच, फक्त काळा कोट नाही. हॉटेलातल्या मीटिंगच्या खोलीत तीन माणसं बसतात आणि ठरवतात की ही बाई खरंच काम करू शकत नाही का. इथे हरले तर पुढचं दार जवळजवळ बंदच, असं शोभा म्हणते.

शोभा म्हणजे फुकट वकिली मदत देतात त्या क्लिनिकमधली बाई. गुजराती आहे, माझ्याशी हिंदी बोलते. माझ्यासारखीच फटकळ, म्हणून जमतं. डॉक्टरांचे कागद तिला पसंत आहेत. वेअरहाउसमध्ये अकरा वर्षं खोकी उचलली, खांदा फाटला, ऑपरेशन केलं तर आणखी बिघडला, मान उजवीकडे वळत नाही, हे सगळं त्यात आहे. आयुषचे बाबा त्रेसष्टीला सिक्युरिटीच्या ड्युटीवर आठ तास उभे राहतात. त्यांचे गुडघे किती वर्षं पुरणार? मला ही पेन्शन पाहिजे. भीक नाही मागत, अकरा वर्षं पगारातून भरलंय मी.

अडलंय ते एका फॉर्मवर. नाकारायचं कारण शोभाने वाचून दाखवलं. बाईने स्वतःच लिहिलंय की स्वयंपाक, झाडलोट, कपडे, अंघोळ सगळं स्वतः करते, कुणाची मदत लागत नाही. मग एवढं करणाऱ्या बाईला बसून करायचं हलकं काम का जमू नये?

बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर मीही नाकारलं असतं.

तो फॉर्म आपल्या असोसिएशनच्या ढवळेसाहेबांनी भरला होता, आपल्या घरी, तुला आठवत असेल. इंग्रजीचं एवढं जाडं बाड. ते विचारत गेले, मी सांगत गेले. घाईत काही राहून गेलं.

काल इथवर लिहिलं आणि हात गेला. पुढचं आज.

शोभाला घरातल्या माणसाचं लेखी पाहिजे, रोज बघणाऱ्याचं. म्हटलं, नवरा आहे की. तिने यांना समोर बसवलं आणि विचारलं, "रावसाहेब, आपकी पत्नी के बाल कौन धोता था?" हे जरा विचार करून म्हणाले, "धुल जाते थे।" शोभाने पेन खाली ठेवलं.

तेव्हा तू एक पान लिहून दे. तुझं इंग्रजी चांगलं आहे. मला काय काय जमत नव्हतं ते लिही, सही कर, तारीख टाक. लांबण लावू नकोस. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आपल्यात जे झालं ते झालं. त्याचा याच्याशी संबंध नाही.

आयुषची आई,
कमल

---

वॉन, १ मार्च २०१०

प्रीती,

जयभीम. काल कॅनडाने ऑलिंपिकची हॉकी जिंकली म्हणून गल्लीत संध्याकाळभर हॉर्न वाजत होते. आयुषच्या बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तेही ड्राइव्हवेत उभं राहून शेजाऱ्यांना हात करत होते. मी आत बसून तुझी चिठ्ठी परत वाचली.

चिठ्ठी कसली, तीन ओळी. "आई, मी खोटं लिहिणार नाही. ढवळेसाहेबांसमोर तुम्हीच सांगितलंत की सगळं तुम्ही करता आणि सून नऊला उठते. मग तुम्हाला काय जमत नव्हतं ते मला कसं माहीत असणार?"

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी भडकले. यांना म्हटलं, बघा, सुनेची भाषा बघा. यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा लावला, दोनदा वाचली आणि म्हणाले, "यातलं चूक काय आहे ते दाखव." सत्तावीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला पाच वेळा उलट उत्तर दिलं असेल. त्यातलं हे एक.

मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली आणि शोभाकडे गेले. ती माझी तयारी करून घेते. ती जज होते, मी मी. ती म्हणाली, "कमलजी, आप नहाती कैसे हैं?"

म्हटलं, "जैसे सब नहाते हैं."

"सब तो टब में पैर उठाकर जाते हैं. हाथ ऊपर करके बाल धोते हैं. आप?"

मी पर्समध्ये बसचं तिकीट शोधायला लागले. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली, बाहेर माणसं ताटकळली होती तरी. मग म्हणाली, "वहाँ भी ऐसे ही बैठेंगी तो घर बैठे हार जाइए, बस का किराया बचेगा।"

चार दिवस मी तिच्यावर चिडून होते, तुझ्यावरही. पाचव्या दिवशी चिडायला कुणी उरलं नाही.

म्हणून आता लिहिते, एकदाच. त्या पत्रात मी लिहिलं की घाईत राहून गेलं. काही राहून गेलं नव्हतं आणि घाईही नव्हती. रविवार होता. वंदना आटोपून ढवळेसाहेब, त्यांच्या सुनंदाबाई आणि असोसिएशनचे आणखी दोघं आपल्याकडे चहाला आले. मला इंग्रजी येत नाही, फॉर्म भरून घ्यायचा तर चारचौघांतच, आपल्यात तसंच चालतं. कुणाचं इमिग्रेशन असो, कुणाची विम्याची भानगड, टेबलावर चिवडा आणि शेजारी फॉर्म. ढवळेसाहेबांचा आवाज हेडमास्तरचा. एकेक ओळ मोठ्याने वाचायचे. "बेदिंग. म्हणजे अंघोळ. कमलबाई, अंघोळीला कुणाची मदत लागते?"

तू चहाचा ट्रे घेऊन दारात होतीस. त्याच दिवशी सकाळी तू मला टबात उतरवलं होतंस. माझे केस धुतले होतेस, पुसले होतेस, वेणी घातली होतीस. त्याच वेणीवर हात फिरवत मी म्हणाले, "छे हो, मदत कसली. सगळं मीच करते. सून तर नऊला उठते."

सुनंदाबाई हसल्या. तू ट्रे ठेवलास आणि आत गेलीस. चहा सुनंदाबाईंनीच ओतला, कारण मला ती किटली उचलता येत नव्हती. चार शिकलेली माणसं बसली होती, एकानेही विचारलं नाही की सगळं करणारी बाई चहा का ओतत नाही.

पहिलं वाक्य लाजेपोटी बोलले, तेवढं मी मान्य करते. जयंतीला दोनशे पानांचा स्वयंपाक माझ्या हाताखाली व्हायचा. कमलबाई म्हणजे कामाची बाई, हीच माझी ओळख, दुसरी होती कुठली? शिक्षण नाही, इंग्रजी नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला सुनेने न्हाऊ घालावं हे लोकांना समजतं. मी पन्नाशीची, पायावर उभी, लुगड्यासारखं पिळून घ्यायला सुनेपुढे वाकते, हे ढवळेसाहेबांच्या आवाजात चारचौघांत वाचलं जाणार होतं. नाही सोसलं.

पण दुसरं वाक्य लाजेचं नव्हतं. ते कुणी विचारलंही नव्हतं. ऊर्मी तेव्हा सहा महिन्यांची, रात्रभर रडायची. तू सहाला उठून माझं सगळं करायचीस आणि मग जरा पडायचीस, ती नऊला उठायचीस. मला माहीत होतं. माहीत असून बोलले. तो माझा हलकटपणा होता, त्याला दुसरा शब्द शोधत बसणार नाही.

तीन महिन्यांनी आयुषने विनिपेगची नोकरी धरली. मी सगळ्यांना सांगते, प्रमोशन मिळालं. प्रमोशन-बिमोशन काही नव्हतं, आयुषने मला तेव्हाच सांगितलं होतं.

तू गेल्यावर मी केस कापून घेतले. कॉम्प्युटरवर तुम्हाला फॅशन म्हणून सांगितलं ना, ती फॅशन ही. टबात उतरत नाही आता. स्टुलावर बसून टॉवेल ओला करते, डाव्या हाताने पुसते, जेवढं पोचेल तेवढं. पाठीपर्यंत पोचत नाही.

हात गेला. हे मंगळवारी लिहिते.

काल ढवळेसाहेबांना फोन केला. म्हटलं, "साहेब, त्या फॉर्मवर मी खोटं सांगितलं होतं."

ते घाबरले. "कमलबाई, असं कसं म्हणता, माझ्या हातचा फॉर्म आहे तो."

"हात तुमचा, तोंड माझं. तुम्हाला काही होत नाही. मी काय बोलले आणि तेव्हा घरात कोण कोण बसलं होतं, एवढं लिहून द्या."

सुनंदाबाई दुसऱ्या फोनवर ऐकत होत्या, त्यांचा श्वास ऐकू येतो. मध्येच म्हणाल्या, "पण प्रीती उशिरा उठायची हे तर खरं ना?"

म्हटलं, "ती सहाला उठून मला अंघोळ घालायची, सुनंदाबाई. तुम्ही ऐकलंत ते माझ्याकडून ऐकलंत, आणि ते खोटं होतं."

हे काल संध्याकाळपर्यंतच ब्रॅम्प्टनच्या आपल्या लोकांपर्यंत पोचलं असेल. पोचू दे. आधीचंही त्यांच्याच तोंडून पोचलं होतं. ढवळेसाहेबांनी आज सकाळी पान आणून दिलं. त्यात "ऑनरेबल" चार वेळा आहे, पण बाकी सगळं खरं आहे.

आता तुझं. तुझ्याकडे मी खोटं मागत नाही. लिहायचं असेल तर नुसतं सासूचा हात चालत नव्हता असं लिहू नकोस. मी त्या रविवारी काय बोलले तेही लिही, नऊचं पण लिही. शोभा म्हणते, कागदावर जे आपल्याविरुद्ध आहे ते आपणच आधी काढायचं, त्यांना काढू द्यायचं नाही. क्लिनिकचा फॅक्स नंबर पाठीमागे लिहिलाय. लिहायचं नसेल आणि बोलायचं असेल, तर ट्रिब्युनलवाले त्या दिवशी तुला फोन लावतील. इथले दहा म्हणजे तुझ्याकडचे नऊ, ऑफिसच्या आधी जमेल. दोन्ही करायचं नसेल तर करू नकोस. आयुषला मध्ये घालणार नाही, आणि पुढच्या फोनवर टोमणाही मारणार नाही. यांच्यासमोर कबूल केलंय.

तू आलीस, नाही आलीस, मी जाणार. दहाला आहे, मी नऊला जाऊन बसणार. मराठी दुभाषी मागवलाय. तो म्हणे बोलू तसंच इंग्रजीत सांगतो, गोड करत नाही. मला तसाच पाहिजे. आणि शोभाला सांगून ठेवलंय, पहिला प्रश्न अंघोळीचा विचार. बाकीचं खांद्याचं, मानेचं, डॉक्टरांचं नंतर.

तिथे सगळं टेप होतं. शोभा म्हणाली, एकदा बोललं की ते सरकारच्या फायलीत राहतं, मागून कुणाला बदलता येत नाही. मी विचारलं, बोलणाऱ्यालाही नाही? म्हणाली, नाही. मग बरं झालं. मी तिथे सांगणार आहे की ऑपरेशननंतर सव्वा वर्ष मला प्रीती आयुष सोनटक्के हिने न्हाऊ घातलं, ती माझी सून आहे, आणि मी ते लपवलं. पूर्ण नाव घेणार आहे.

पेन्शनचा निकाल पोस्टाने येतो, दीड-दोन महिने लागतात. हे त्याच दिवशी होऊन जाईल.

खाली "तुझी" लिहायला घेतलं होतं. थांबले. तू म्हणशील तेव्हा लिहीन.

कमल