दुधामागची बाटली

६ जुलै

चि. ठकूस,

अ. उ. आ. मी चौथी नापास, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोनवर तू नुसती हं हं करतेस आणि मला निम्मं ऐकू येत नाही. त्यापेक्षा कागद बरा.

मेमध्ये चार दिवस आलीस, त्यातले तीन झोपून काढलेस. जाताना म्हणालीस, जूनमध्ये परत येते. जून गेला. तुझ्या त्या जेलीफिशना हाड नाही, मेंदू नाही, काळीज नाही, खायचं आणि टाकायचं दार एकच, हे तूच सांगितलंस. तसलाच एक तुझा मामा माझ्या घरी आहे, पण त्याच्यापायी मी कुणाला ताटकळत ठेवलं नाही. मग तुझी ती बिनकाळजाची पिल्लं तुला दोन दिवस का सोडत नाहीत?

एक जात म्हातारी झाली की पुन्हा पोर होते म्हणालीस. मला नको बाई. परत तुझ्या आजोबांशीच लग्न लावतील.

तुझी खाट खिडकीपाशीच आहे. मामा म्हणतो, हलवू. मी हात लावू देत नाही.

तू आठवण काढ किंवा काढू नकोस, माझं काढणं चालूच आहे.

तुझी आजी

१५ जुलै

ति. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र प्रयोगशाळेत, टाक्यांच्या मधे बसून वाचलं. चिडू नकोस, इथे मोठा घोटाळा झालाय.

जेलीफिश जन्मतः छत्रीसारखी नसते. आधी तांदळाच्या कणीएवढी होऊन दगडाला चिकटून बसते, कधी कधी वर्षानुवर्षं. मग काही आठवडे थंडी मिळाली की त्या कणीच्या अंगाच्या चकत्या पडतात आणि एकेक चकती सुटून पोहायला लागते. माझं सगळं काम या कण्यांवर आहे. गेल्या आठवड्यात पाणी थंड ठेवायचं यंत्र बिघडलं आणि दोन वर्षं जपलेली जात एका दिवसात मेली. पंधरा ऑगस्टपर्यंत ती परत उभी राहिली नाही, तर काम बंद, असं साहेबांनी सांगितलंय.

त्याच जातीच्या कण्यांची एक बाटली मी मेमध्ये तुला दाखवायला आणली होती, पण झोपेत दाखवायची राहूनच गेली. ती तुझ्याकडेच राहिली असावी. झाकणाला निळी पट्टी आहे. तू ती घासून तिच्यात बटणं भरली असशील, या भीतीनं विचारायचं धाडस होत नव्हतं.

बोलणी खायला तयार आहे, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझी ठकू

२२ जुलै

चि. ठकूस,

अ. उ. आ. बटणं भरणारच होते. तू गेलीस त्याच दिवशी उघडली, तर खारा वास आणि बुडाशी पांढरे डाग. घासणी हातात होती. तेवढ्यात पट्टीवर तुझं अक्षर दिसलं. वाटलं, पोरीचं औषध असेल, बाहेर नासेल. म्हणून फ्रिजमध्ये ठेवली, दुधाच्या मागे. नऊ आठवडे झाले. मामानं दोनदा फेकायला काढली, दोनदा हातावर चापट खाल्ली.

तुझं पत्र आल्यावर चष्मा पुसून पाहिलं. कण्या नाहीत आता. लालसर बशांची चळत रचावी तसं एकेक उभं आहे, आणि वरची बशी फडफडतेय. बिघडलं असेल तर तसं सांग. मी रडणार नाही, तूही रडू नकोस.

पत्राला उशीर चालेल, माणसाला नको.

तुझी आजी

२७ जुलै

ति. आजीस,

सा. न. वि. वि. बिघडलं नाही गं! आम्ही एवढ्या यंत्रांनी करतो ते तू दुधामागे केलंस. पत्र मी उभ्यानं तीनदा वाचलं, साहेबांनाही वाचून दाखवलं. मामाच्या हातावरची चापट ऐकून ते हसले.

मामा एकतीसला कामासाठी इकडे यायचा आहे ना, त्याच्याकडे बर्फाच्या डब्यात ठेवून बाटली दे. मला तूर्त निघता येत नाही, टाक्या धुऊन ठेवायच्या आहेत. हे पार पडलं की नक्की येते.

घाईत लिहिते आहे, पण पाया पडते ते सावकाश.

तुझी ठकू

३१ जुलै

चि. ठकूस,

अ. उ. आ. मामा सकाळी गेला. बर्फाचा डबा घेऊन दारात उभा होता. मी म्हटलं, बाटली अजून प्रवासाजोगी नाही, हिंदकळेल. त्यानं मान डोलावली. मेंदू नसल्याचा कधी कधी फायदा होतो.

खोटं बोलले. पिल्लं परवाच सुटली. अकरा आहेत, दोनदा मोजली. आठ पाकळ्यांचं फूल मिटावं, उघडावं, तशी चालतात. तुझी टाळू उडायची तान्हेपणी, अगदी तशी. तू झोपलीस की मी तेच बघत बसायची.

तुझं काम बुडवायचं नाही मला. पंधरा तारखेला दोन आठवडे आहेत आणि बस एका दिवसाची. बाटली मामाबरोबर गेली असती, तर तुला यायला कारण उरलं नसतं. तेव्हा बाटलीसाठीच ये. माझ्यासाठी आले असं म्हणू नकोस, या घरात खोटं मी एकटीच बोलते.

पिल्लं दुधामागेच आहेत. खाटेवर चादर घातली आहे.

तुझी आजी