वर सोडलेला गॅस

माय, परवा फ्रीज दुरुस्तीचं दुकान कायमचं बंद केलं. शेवटचं रिकामं सिलिंडर भंगारवाल्यानं गाड्यावर टाकलं, तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं राहून गेलंय असं सारखं वाटतं. वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. फ्रीजच्या नळीतला गॅस बोटाला लागला की बोट पांढरं पडतं आणि काही वेळ आपलं वाटतच नाही, तसं काहीतरी आहे. सून म्हणते, बाबा जेवण बरोबर जात नाही का. जातं. सगळं बरोबर जातं.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. बुलढाण्यात फ्रीज बोटावर मोजण्याइतके: एक औषधाच्या दुकानात, एक सरबतवाल्याकडे, बाकी साहेब लोकांच्या बंगल्यांवर. मी सातवी शिकलेला. एक जुनं इंग्रजी पुस्तक हाती लागलं होतं, त्यातली चित्रं पाहून आणि अडलेला शब्द भेटेल त्याला विचारून हे काम शिकलो. तू धामणगाव बढ्याच्या आपल्या मळ्यातून बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीनं वांगी-मेथी घेऊन यायचीस, आणि माल खपला की भर दुपारी दुकानात. डोळे मिटले की आतासुद्धा येतेस. टोपली पालथी घालून तिच्यावर बसतेस. कपाळ तांबडं, पदर घामानं चिकटलेला, डोळे बारीक केलेले. उन्हात डोळे बारीक करायची तुझी सवय सावलीत आली तरी सुटत नसे. मी सरबतवाल्याच्या फ्रीजचा नट ढिला करतो, गॅस फुसकन सुटतो, आणि मी म्हणतो, "माय, हात धर." तू लांबून तळवा धरतेस.

"अव्वा! ही तं बर्फाची फुंकर व्हय!" आणि मग सरबतवाल्याकडे वळून, "पाहा हो भाऊ, माय भाजी विकते अन् लेक वारा सोडते. कोणाचा धंदा बरा, सांगा."

सरबतवाला म्हणाला, "माय, तुमच्या लेकानं वारा सोडला नाही तं माह्यं सरबत गरम राह्यते."

पुढे दर बाजाराला तू आलीस की मी मुद्दाम एखादं काम तुझ्यासाठी राखून ठेवत असे. तुला द्यायला दुसरं काही नव्हतं माझ्याकडे, तेवढा गारवा होता. त्या काळात कामाची रीतच तशी होती. जुना गॅस मोकळ्या हवेत सोडायचा, नळ्या साफ करायच्या, नवा भरायचा. नळ्यांत कचरा असला तर तोच गॅस फुंकून साफ करायचा. तो जळत नाही, त्याला वास नाही, जीवाला अपाय नाही. सगळे म्हणत, यासारखा गुणी गॅस नाही. एकटी तूच काय ती बोललीस.

"कुठं जाते रे हा?"

"वर."

"वर कुठं?"

"आभायात जाते, माय. आभाय काय लहान हाय का?"

"लहान नसन. पण मेथी धुतलेलं पाणी बी मी वाफ्यात सोडतो, अन् तू इतका गार माल फेकून देतं. परत भरून काऊन ठेवत नाही?"

"कोणीच ठेवत नाही."

"कोणी ठेवत नाही म्हणून हा बी ठेवत नाही! मोठा मेकॅनिक झाला."

मी हसलो. तू नाही हसलीस. तुला वाया गेलेलं सोसायचंच नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात तू मेथीच्या जुडीत गवत बांधून आणलंस. गिऱ्हाईक बोललं, तेव्हा मला म्हणालीस, "डोयापुढं ताक सांडल्यावानी दिसते रे. एकडाव दाखवून तं आणू." मी बॅटरी मारून पाहिलं. उजव्या बाहुलीत पांढरट झाक होती. मोतीबिंदू हे मलाही कळलं. पण तेव्हा सगळेच म्हणत की मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, आणि मे महिना म्हणजे फ्रीजवाल्याची सुगी. मी म्हणालो, "पिकू दे, माय. पाणी पडलं की जाऊ." पाणी पडलं, पेरण्या झाल्या, दिवाळी झाली. पुढचा उन्हाळा आला. तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा तेच म्हणालो. नुसतं दाखवून आणायला काय लागत होतं? एक सकाळ. ती निघाली नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी तू एसटीतून उतरलीस ती डोक्याला फडकं आवळून. डोळा लालभडक, घाटात दोनदा ओकलेली, तरी टोपली सोडली नव्हतीस. तसंच तुला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार पिकवलात. आत फुगला, डोळ्यातला दाब वाढला. या डोळ्याची नजर आता परत येत नाही. दुसरा तरी वेळेवर आणा." मी परत आलो तर तू बाकावर बसलेली.

"काय म्हणते डॉक्टर?"

"जास्त पिकला म्हणतात."

"म्हंजे जून झाला," तू म्हणालीस. टोपली जवळ ओढलीस आणि म्हणालीस, "वांगं जून झालं तं गिऱ्हाईक हातात घेत नाही. वांग्याचा मी एक दिवस चुकू देत नाही, पाह्य बरं."

एवढंच. नंतर त्या डोळ्याबद्दल तू कधी बोलली नाहीस. दुसऱ्याचं ऑपरेशन वेळेवर केलं, जाड चष्मा लागला, त्यावर तू पुढची वर्षं काढलीस आणि गेलीस.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आम्हा फ्रीजवाल्यांना अकोल्याला शिकवणीला बोलावलं. शिकवायला माझ्या लेकीच्या वयाची इंजिनियर मुलगी. तिनं फळ्यावर पृथ्वी काढली आणि वर एक रेघ. म्हणाली, हा ओझोनचा थर. सूर्याच्या किरणांत एक जात अशी असते की डोळ्यांना दिसत नाही आणि अंगाला ऊन म्हणून लागत नाही. ती हा थर वरच्या वर गाळून घेतो. आपला गुणी गॅस खाली काहीच करत नाही, म्हणूनच न मोडता वर्षानुवर्षं वर चढत राहतो आणि तिथे जाऊन हा थर खातो. थर विरळ झाला की ती किरणं खाली येतात. मग कातडीचा कॅन्सर वाढतो, मोतीबिंदू वाढतो, रोगाशी झुंजायची अंगाची ताकद कमी होते. मागून एक मलकापूरवाला ओरडला, "म्हंजे मॅडम, आभायाचं पंक्चर आम्हीच केलं म्हना!" सगळे हसले. मी 'मोतीबिंदू' या शब्दापाशीच थांबलो होतो. मग तिनं एक मशीन दाखवलं. जुना गॅस हवेत न सोडता परत सिलिंडरमध्ये भरून घेणारं. मला तुझं 'परत भरून काऊन ठेवत नाही?' ऐकू आलं, आणि मी वहीत काहीच लिहिलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिला गाठून सगळं सांगितलं. मळा, ऊन, डोळा, वर्ष. म्हणालो, "पोरी, माह्या मायचा डोळा माह्या गॅसनं गेला का?" तिनं चपाती खाली ठेवली.

"नाही हो काका. तेव्हा तुमचा गॅस वर पोचलासुद्धा नसेल. थर जास्त विरळ झाला तो दक्षिण ध्रुवावर, आणि पुष्कळ नंतर. मोतीबिंदू वयानं येतो, उन्हात जन्म काढला की लवकर येतो. त्यांचा तसाच असेल."

"म्हंजे माह्यी चूक नाही?"

"गॅसची म्हणाल तर आईंच्या डोळ्यापुरती नाही. पुढच्या लोकांचं म्हणाल तर आपल्या सगळ्यांची थोडी थोडी आहे. आता सोडू नका, एवढंच."

त्या दिवसानंतर मी गॅस मोकळा सोडला नाही. पण माय, ती 'नाही' म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलं नाही. मला तिच्या तोंडून 'हो' ऐकायचं होतं. सगळ्या जगानं मिळून केलेल्या चुकीत माझा वाटा मी उचलला असता, त्यात सोबत होती. तिनं गॅस बाजूला काढला आणि मागे ते दोन उन्हाळे तेवढे उरले.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, ते लिहितानाच ठाऊक होतं. तुला वाचता येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायचो, आणि तुला लागेल अशी ओळ असली की गुपचूप गाळायचो. हे पत्रही तुला मीच वाचून दाखवलं असतं. खरं सांगतो, 'पिकू दे, माय' ही ओळ मी गाळली असती.