दुर्बीण कलली तेव्हा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच गोड मानून घ्या; प्रत्यक्ष वाकायला कंबर तयार नाही. कारण पुढे येईलच.) मामींचा गुडघा आता जिना चढू देतो ना? तुमचा खोकला गेला असं धरून चालतो, कारण परवा फोनवर तुम्ही सलग ओरडत होतात.

मी उत्तम. डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीसाठी आम्ही कॅमेरा आखतोय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाकीचे कॅमेरे आकाशाचा टिकलीएवढा तुकडा टिपतात. आमचा एका दमात वीस पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढा टिपणार. (मामी विचारतील, वीस चंद्र आणणार कुठून? ते मापापुरतेच.) आत एकसष्ट सेन्सर फरशीसारखे बसवायचे आणि त्यांच्यापुढे रंगीत काचेचे फिल्टर सरकवायचे, एकेक परातीएवढा, तीस किलोंचा. ही सरकवायची यंत्रणा सर्वस्वी माझी, आणि लोण्यासारखी चालते! तपासणीला आलेल्या समितीपुढे मी ती चालवून दाखवली, काचेऐवजी तेवढ्याच वजनाची धातूची चकती लावून. अध्यक्षांनी मान डोलावली. मीही डोलावली.

तेवढ्यात मागून आमच्या मोजणीबाईंनी विचारलं (केसाच्या जाडीचा शंभरावा भाग चुकला तरी यांना जेवण जात नाही), "दुर्बीण कलली की काय होतं?"

आता मामा, दुर्बीण कलते हे मला माहीत नव्हतं असं नाही. आकाश काही फक्त डोक्यावरच नसतं. पण माझ्या सगळ्या चाचण्या टेबलावर झालेल्या, आणि टेबल कलत नाही. "काही होत नाही," म्हणून मी यंत्रणेची चौकट बेधडक कलवली. चकती लोण्यासारखीच निघाली, थेट अध्यक्षांच्या दिशेने. मी झेप घेऊन तिला पोटाशी धरलं आणि आम्ही दोघं त्यांच्या बुटांपाशी पोचलो. (कंबरेचं कारण हे.) खरी काच असती तर कारागिरांची दीड वर्षं फरशीवर विखुरली असती.

बाईंनी मला हात देऊन उठवलं आणि तिथेच कागदावर एक खिट्टी काढली: फिल्टर जागेवर आला की आपोआप अडकणारी, वीज गेली तरी न सुटणारी. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी वर्कशॉपने ती घडवली. आम्ही चौकट पार उलटी टांगून चारशे वेळा हलवली. चकती जागची हलली नाही. आराखडा मंजूर! माझ्या प्रात्यक्षिकामुळेच दोष वेळेवर सापडला, हे कोणी नाकारलेलं नाही. (कोणी म्हटलेलंही नाही, ती गोष्ट वेगळी.)

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. मंजुरीला एक अट आहे: यंत्रणेच्या प्रमुख आता बाई. मी गेल्या सोमवारपासून त्यांच्या हाताखाली. खरं सांगू? काम छान चाललंय.

ता.क. २. मुख्य काम राहिलंच. प्रमुख मीच, असं आईने गावभर सांगितलंय आणि गुरुवारी ती तीन मैत्रिणींना घेऊन "आमच्या मुलाचा कॅमेरा" बघायला येतेय. तुम्ही तिचे लाडके धाकटे भाऊ. बुधवारी जाऊन तिला सगळं खरंखरं सांगा. फक्त निघताना मला कळवा, म्हणजे मी फोन बंद करून ठेवीन.