तुंगार्लीला गेलेली परंदवडीची बस

तळेगाव, शुक्रवार

ती. विठ्ठलमामांस प्रज्ञेशचा सविनय जयभीम.

तुमची कंबर कशी आहे? (बसच्या सीटनं धरलेली कंबर घरी बसून सुटली असेल, असं लिहिणार होतो, पण तुम्हाला घरी कुणी बसवलं ते आठवून पेन थांबलं.) तीनदा फोन लावला आणि तुमचा आवाज ऐकताच ठेवून दिला. म्हणून हे पत्र, जीपवाल्या मारुतीच्या हाती.

मामा, मंगळवारी कागद तुम्ही उलटा वाचला नव्हता. कारखान्याच्या गाड्यांचं वाटप दोन प्रोग्राम मिळून करतात. माझा प्रोग्राम गावं आणि तिथल्या माणसांचे आकडे सांगतो. दुसरा मॉडेलिंगच्या, म्हणजे गणित मांडायच्या, भाषेत लिहिलेला असतो, तो कुठं मोठी बस आणि कुठं जीप हे ठरवतो. पूर्वी आकडे फाइलमधून जायचे, ती उघडून कुणीही बघू शकायचं. मला ते मागासलेलं वाटलं. (साहेबांसमोर मी 'बैलगाडी' म्हणालो होतो.) म्हणून फाइल काढून टाकली आणि आकडे एका मेमरीतून थेट दुसरीच्या हवाली केले. करताना गावांची यादी अकारविल्हे लावली, माणसांच्या आकड्यांची तशीच राहिली. उर्से जागेवर राहिलं, परंदवडी आणि तुंगार्लीच्या आकड्यांची अदलाबदल झाली. बेरीज तीच, त्यामुळं यंत्रानं हूं की चूं केलं नाही.

सकाळी तुम्ही फोन केलात, "आरं, तुंगार्लीला दोनच साहेब ऱ्हात्यात. परंदवडीला जाऊ का?" मी म्हणालो, "मामा, यंत्राला कळतं सगळं. तुम्ही फक्त चालवा." तुम्ही चालवलीत. पन्नास सीटांत दोन साहेब ऐसपैस आले, आणि परंदवडीच्या, कामावर निघालेल्या एकेचाळीस बायका एका जीपकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांत आपली भागुबाईमामी.

आमच्या साहेबांनी विचारलं तेव्हा मला चूक सापडून दहा मिनिटं झाली होती. तरी मी तुमच्यादेखत म्हणालो, "ड्रायव्हरनं कागद उलटा वाचला असेल." तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत आणि बसची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवून घरी गेलात. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. (मेसवाल्याचं मत वेगळं आहे.)

भाचा म्हणवून घ्यायला लाजणारा,
प्रज्ञेश

ता. क. काल साहेबांना खरं सांगितलं. सोमवारपासून बस पुन्हा तुमच्याकडं. आता प्रत्येक आकडा गावाच्या नावासकट जाईल, आणि यादी छापून आधी तुमच्या हातात येईल.

आणखी एक. साहेब म्हणाले, माफी त्या एकेचाळीस जणींची मागायची, रविवारी, परंदवडीला जाऊन. मामीनं सगळ्यांना निरोप दिलाय म्हणे. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं. तुम्ही सोबत याल का? जमलं तर माझ्या पुढं चाला.