अकरा तुकड्यांचा समुद्र

अण्णा,

आज तुमचा समुद्र मी अकरा तुकड्यांत कापला. पावस गावातल्या तुमच्या नमन-खेळ्यांच्या मंडळाचा कार्यक्रम रत्नागिरीत मैदानावर आहे, आणि आयोजकांना मागचा एलईडी पडदा चौकोनी नको, शिडाच्या आकाराचा हवा. म्हणजे अकरा निमुळत्या पट्ट्या, तिरक्या टांगलेल्या, दोन पट्ट्यांमध्ये हातभर काळोख. मंडळाचा हट्ट असा की चित्र मात्र अण्णांनी रंगवलेल्या पडद्याचंच पाहिजे. तो पडदा वाळवीने कधीच खाल्ला; उरलाय तो मी कॉलेजात असताना काढलेला एक फोटो. सकाळपासून प्रत्येक पट्टीवर तिचा नंबर उमटवून बघते आहे, कुठली कुठे आहे ते कॉम्प्युटरला कळावं म्हणून. सातवी उलटी टांगलेली निघाली. ती उतरवायला लावली तेव्हा टांगणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि माझं हे काम तुम्ही कधी पाहिलंच नाही, हे आज फार खुपतंय.

तुम्ही मांजरपाटाचे पट्टे शिवून पडदा करायचात. तो अंगणभर पसरलेला, सरसाचा वास, आणि आता आमसुलं कुठे वाळवू म्हणून आईची कुरकुर. मी सहावीत असेन. तुम्ही जेवायला आत गेलात आणि मी हौसेने होडीत एक कोळीण काढली. तुम्ही हात पुसत बाहेर येता, बघता, आणि पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवता. "शिवणीवर तोंड काढलंस? गुंडाळला की पहिला रंग तिथेच फुटतो. पडदा आधी नीट बघावा, मग ब्रश उचलावा." मी रडून घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी बघते तर कोळीण चार बोटं डावीकडे सरकलेली. नाक तेवढं मी काढलं होतं तसंच वाकडं ठेवलं होतंत.

म्हणून आज आधी कोळीण चौथ्या पट्टीत पुरती बसवली आणि मग तिच्याभोवती समुद्र कापला. लाटा हलवल्या, कारण एवढा पडदा टांगून चित्र स्थिर ठेवलं की आयोजक हिरमुसतात. दुपारी मंडळातले तुमचे मृदंगवाले काका येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"बाय, कोलीन बरी हाय," ते म्हणाले. "पन ह्यो तुज्या बापसाचा समुद्र न्हाय. त्याचा वाऱ्यान हलायचा."

खरंच की. खाडीवरून वारा आला की अख्खा पडदा पोटातून फुगायचा. होडी, कोळीण, क्षितिज, सगळं एकदम. मी लाटा बंद केल्या आणि सगळं चित्रच हळूहळू फुगवलं, ओसरू दिलं. काका तिथेच खाली बसले. मला तेव्हा तुम्ही इतके हवे होतात, अण्णा, की मी मशीनच्या मागे जाऊन उभी राहिले. पट्ट्या टांगणारी पोरं आजूबाजूला असताना रडायचं कसं?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. शेवटच्या वर्षी तुम्ही खाटेवरून विचारलं होतंत, "तुझ्या त्या पडद्यावर चित्र चढतं तरी कसं?" आणि मी म्हटलं होतं, "तुम्हाला नाही समजायचं." तुम्ही "बरं" म्हणून कूस बदललीत. तुम्हाला समजलं असतं, अण्णा. शिवणी कुठे आहेत एवढं दाखवलं असतं तर पुढचं तुम्हीच मला शिकवलं असतंत. समजत नव्हतं ते मला. मुंबईत नवीन होते, दुसऱ्याने कागदावर लिहून दिलेली बटणं क्रमाने दाबत होते. तुम्ही आणखी एक प्रश्न विचारला असतात तर माझ्याकडे उत्तर नसतं, म्हणून तसं म्हटलं.